ओपीडीत नुसतं "सीटी ऑल" लिहितोय, शिकायचं कसं? (मेडिसिन, जेआर वन)

जेआरवन_मराठवाडा:

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनला जेआर वन (ज्युनियर रेसिडेंट, एमडीचं पहिलं वर्ष) आहे, सात महिने झाले. आमच्या युनिटची ओपीडी सोमवार-गुरुवार. वॉर्डातले ब्लड काढून, राउंड उरकून साडेनऊला खाली उतरतो तोपर्यंत रांग जिन्यापर्यंत आलेली असते, आणि दोन वाजेपर्यंत माझ्या एकट्याच्या टेबलावर सत्तर-ऐंशी केस पेपर होतात. त्यातले निम्म्याहून जास्त शुगर-बीपीचे जुने पेशंट, गोळ्या संपल्या म्हणून आलेले. बीपी बघायचं, शुगरचा आकडा बघायचा, सीटी ऑल लिहायचं (म्हणजे चालू औषधं तशीच चालू ठेवा), सही, पुढचा.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात कॉल डेला रात्री एक मावशी अ‍ॅडमिट झाल्या, साधारण पंचावन्नच्या, ताप आणि शुगर चारशेच्या वर. उजव्या पायाचं दुसरं बोट काळं पडलेलं, जोडवं त्या सुजेत एवढं रुतलेलं की दिसतही नव्हतं, सिस्टरनी गॉजने पुसल्यावर चांदी चमकली तेव्हा कळलं. मी त्यांना विचारलं की एवढं झालं तरी दुखलं नाही का, तर म्हणाल्या, "दुखलंच नाही बघा, दुखलं असतं तर आले नसते का?" जोडवं कापून काढलं, सर्जरीला कळवलं, दोन दिवसांनी ते बोट काढावं लागलं.

फाइल लावताना मागचा ओपीडी पेपर उलगडला. अठरा दिवसांपूर्वीची तारीख, "पायाला मुंग्या" असं एका ओळीत लिहिलेलं, खाली सीटी ऑल, आणि खाली माझी सही. मी त्या पेशंटचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला, आठवला नाही. मुंग्या येतात असं त्यांनी सांगितलं होतं, मी ते लिहिलंही होतं, फक्त टेबलाखाली वाकून बघितलं नाही.

तेव्हापासून ओपीडीला जायच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. वॉर्डात मी शिकतोय हे जाणवतं, राउंडला सर विचारतात, रात्री वाचतो, प्रोसिजर करतो. ओपीडीत मात्र मी गोळ्या लिहून देणारा माणूस आहे. असिस्टंट प्रोफेसर सर शेजारच्याच खोलीत असतात, पण त्यांच्यापुढेही रांग, पेशंट घेऊन गेलो तर ते अर्ध्या मिनिटात काय लिहायचं ते सांगतात, मी लिहितो, परत येतो. तुम्ही लोक ओपीडीत शिकलात का? शिकलात तर कसं? "वेळ काढ" एवढंच सांगू नका प्लीज, वेळ कुठून काढायचा तेच कळत नाहीये.

—

नगरवाला_एमडी:

मित्रा, आधी एक सांगतो. ते बोट एकट्या तुझ्या सहीमुळे गेलेलं नाही. त्या मावशी वर्ष-दीड वर्ष येत असतील तर तुझ्या आधी पाच-सहा जणांनी सीटी ऑल लिहिलं असणार, आणि साडेचार तासांत ऐंशी पेशंट एका माणसापुढे बसवणं हे काही तू ठरवलेलं नाहीस. पण तू तो पेपर उलगडून बघितलास, बाकीच्यांनी बघितला नाही, म्हणून तुझ्याशी बोलण्यात अर्थ आहे.

माझी एमडी होऊन चार वर्षं झाली, मीही असाच सीटी ऑल लिहीत होतो. माझ्यात बदल झाला तो एका छोट्या गोष्टीने. दर ओपीडीला एक पेशंट. फक्त एक. बाकीचे जसे होतात तसे होऊ दे, पण एकाला मी पूर्ण बघायचो, पायापासून डोक्यापर्यंत, बारा-पंधरा मिनिटं, आणि तोही दुपारी एकनंतर, रांग जरा ओसरली की. त्यांना सांगायचो, काका थोडं थांबता का, तुम्हाला नीट तपासतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं आठवत नाही, उलट घरून आणलेला डबा खाऊन बसून राहायचे.

खिशात दोनशे पानी छोटी वही. तिच्यात पेशंटचं वय, तक्रार, "मला काय वाटतंय" आणि पुढची तारीख. रिपोर्ट येण्याआधी, सरांना विचारण्याआधी लिहायचं काय वाटतंय ते. खोडायचं नाही. पंधरा दिवसांनी तो पेशंट आला की त्याच पानावर काय निघालं ते लिहायचं. ओपीडीतली सगळ्यात मोठी अडचण कामाच्या बोज्याहूनही मोठी आहे, ती ही की आपण लिहिलेल्या औषधाचं पुढे काय झालं हे आपल्याला कधी कळतच नाही, पेशंट पुढच्या वेळी दुसऱ्या टेबलावर जातो आणि आपण जन्मभर समजत राहतो की आपलं बरोबरच होतं. मी त्या वहीत माझ्या चुका माझ्याच अक्षरात वाचल्या आणि तिथून शिकायला लागलो.

एक उदाहरण. एका आजींचं बीपी काही केल्या उतरेना. अ‍ॅम्लोडिपिन होती, टेल्मिसार्टन वाढवली, पुढच्या वेळी पाणी काढायची गोळी वाढवली, तरी १७० च्या खाली नाही. "अजून कुठली गोळी घेता का आजी?" "नाही रे बाबा." तिसऱ्या वेळी म्हटलं, पिशवी उलटी करा. त्या प्लास्टिकच्या पिशवीतून आमच्या गोळ्यांच्या अर्ध्या न संपलेल्या पट्ट्या निघाल्या, आणि त्याच्याखाली डायक्लोफिनॅकची पट्टी, जवळजवळ रिकामी. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली, रोज दोन. ती त्यांच्या लेखी "गोळी" नव्हतीच, गोळी म्हणजे दवाखान्याची. दुखण्याच्या गोळ्यांनी बीपी चढतं हे मी थर्ड एमबीबीएसला पाठ केलेलं, पण पिशवी उलटी करेपर्यंत मला ते येत नव्हतं असंच म्हणेन. आणि आमच्या पट्ट्या का उरल्या? तर पंधरा दिवसांच्या गोळ्या त्या महिनाभर पुरवत होत्या, दर पंधरा दिवसांनी यायचं म्हणजे सुनेची मजुरी बुडते.

तेव्हापासून "औषधं घेता का" असं विचारत नाही, पिशवी मागतो.

—

कॅज्युअल्टी_नाईट:

मला वरचं पटत नाही पूर्ण. ओपीडी ही सर्व्हिस आहे, शिक्षण वॉर्डात होतं, हे मान्य केलं की त्रास कमी होतो. २०१७ साली ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या भेटीच्या वेळेवर एक मोठा अभ्यास आला होता, स्वीडनमधे सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत माणूस चप्पल काढून परत घालेपर्यंत वेळ संपतो. एकाला पंधरा मिनिटं दिली की बाहेरचे तीस लोक ओरडतात, मामा आत येऊन सांगतो साहेब भांडण होतंय, आणि ते भांडण जेआर वनच्याच अंगावर येतं, प्रोफेसरच्या नाही. मी थर्ड इयरला आहे, छत्तीस-छत्तीस तास काढून झालेत. या पोराला अजून एक ओझं देऊ नका. डॉक्टर वाढवा, टेबलं वाढवा, मग शिकण्याचं बोलू.

—

मास्तरीण:

@कॅज्युअल्टी_नाईट, टेबलं वाढली पाहिजेत यात शंकाच नाही, आणि हे रेसिडेंटने नाही तर आम्ही शिक्षकांनी भांडून मिळवायला पाहिजे. पण "शिक्षण वॉर्डात होतं" हे मी पंचवीस वर्षं मेडिसिन शिकवून सांगते, अर्धंच खरं आहे.

वॉर्डात पेशंट येतो तेव्हा आजार पिकलेला असतो. कुणीतरी न्यूमोनिया म्हटलेलं असतं, कुणीतरी एक्स-रे काढलेला असतो. ओपीडीत आजार कच्चा असतो. "अशक्तपणा वाटतो" म्हणून बाई येते, त्यामागे हिमोग्लोबिन सहा असू शकतं, थायरॉइड असू शकतं, टीबी असू शकतो, नवरा दारू पिऊन मारतो हे असू शकतं, किंवा पहाटे चारला उठून रात्री अकरापर्यंत राबणं, एवढंच. यातलं काय आहे हे ठरवायची सवय वॉर्डात लागत नाही. आणि तुम्ही एमडी होऊन बाहेर पडलात की आयुष्यभर ओपीडीच करणार आहात, आयसीयू चालवणारे थोडे.

जेआर वन, तू लिहिलंस की सर अर्ध्या मिनिटात काय लिहायचं ते सांगतात. तिथेच सगळं अडलंय. १९९२ साली अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या काही शिक्षकांनी गर्दीच्या क्लिनिकसाठी एक पद्धत मांडली, वन मिनिट प्रिसेप्टर म्हणून ती आता जगभर शिकवतात. पाच पावलं आहेत, पण मला त्यातलं पहिलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, शिकणाऱ्याने आधी स्वतःचं मत सांगायचं. मग शिक्षक विचारतो कशावरून, मग एखादा नियम सांगतो, काय बरोबर केलं ते सांगतो, काय चुकलं ते सांगतो. आमच्या ओपीडीतला परवाचाच किस्सा सांगते.

रेसिडेंट आला, "मॅडम, बासष्ट वर्षांचे काका, चक्कर येते, काय देऊ?" सवयीने माझ्या तोंडावर बीटाहिस्टिन, चक्करेची नेहमीची गोळी, आलेलं. मी म्हटलं, तुला काय वाटतंय? तो गडबडला. मग म्हणाला, "पोश्चरल असेल, उठताना बीपी पडत असेल." कशावरून? "उठताना येते म्हणाले, पहाटे लघवीला उठल्यावर. आणि मागच्या महिन्यात सर्जरी ओपीडीत प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू झालंय." मग आता काय करशील? "झोपवून बीपी बघतो, उभं करून बघतो." मी म्हटलं, उभं केल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी बघ, वरचं वीसने किंवा खालचं दहाने पडलं तर धरायचं. औषधाची तारीख चक्करेशी जुळवलीस हे फार छान केलंस, पण शुगर आहे का ते विचारलं नाहीस, शुगरच्या न्यूरोपथीतही (शुगरने नसा खराब होतात तेव्हा) असंच बीपी पडतं, ते आता विचारून ये. संपलं. मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात बीटाहिस्टिन लिहून झालं असतं आणि ते काका एखाद्या पहाटे बाथरूममधे पडले असते.

आता तुझे सर विचारत नसतील तर तू विचारायची वाट बघू नकोस. पेशंट घेऊन गेलास की वाक्यच असं टाक, "सर, मला अमुक वाटतंय, या दोन गोष्टींमुळे, मी हे लिहिणार आहे, बरोबर आहे का?" बहुतेक सर थांबतात. काही थांबणार नाहीत, पण आपलं मत तोंडाने बोलून टाकल्यावर ते चुकलं तर लक्षात राहतं, हे तरी नक्की.

आणि डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) आली की ती वाया घालवू नकोस. तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमधे तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं ना, खूप पोरं ते सुट्टीसारखं काढतात. तिथे तीच ओपीडी असते, पण तुझ्या डोक्यावर कमी माणसं असतात आणि कच्चे पेशंट जास्त.

—

इंटर्नताई_विदर्भ:

मी इंटर्न आहे, मोठ्यांच्या चर्चेत बोलतेय, पण लिहावंसं वाटलं. माझी कम्युनिटी मेडिसिनची पोस्टिंग चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) होती. एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आला, दंडावर फिकट चट्टा, केस पेपरच्या मागे तीन वेळा खाजेचं मलम लिहिलेलं. मीही चौथ्यांदा लिहिणार होते, पेन कागदावर टेकलेला. तिथल्या जुन्या आरोग्य सहायक काकांनी मागून हळूच म्हटलं, "मॅडम, खाज येते का विचारून घ्या."

विचारलं. खाज कधीच नव्हती. मग कापसाची वात करून त्याचे डोळे मिटायला लावले आणि विचारत गेले लागतं का, लागतं का. चांगल्या कातडीवर लगेच "हो", चट्ट्याच्या आत गेले की गप्प. परत बाहेर "हो". मी चार वेळा केलं कारण माझा विश्वास बसेना. कोपराच्या मागची नसही जाड लागली हाताला, दोरीसारखी. कुष्ठरोग. आमच्या भागात अजून निघतो, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं.

मला एवढंच म्हणायचंय की मला शिकवणारे ते काका डॉक्टर नव्हते. ओपीडीत सिस्टर, लॅबवाले, ड्रेसिंगचे मामा, इंजेक्शन रूमच्या मावशी यांना वीस-वीस वर्षांचं दिसलेलं असतं, पण आपण विचारल्याशिवाय ते बोलत नाहीत कारण आपण डॉक्टर. तुमच्याकडे ड्रेसिंगला कोण असतं? त्यांना सांगून ठेवा की शुगरवाल्यांचा पाय खराब दिसला की मला हाक मारा.

—

सोलापूर_ते_इंग्लंड:

मूळचा सोलापूरचा, सध्या इंग्लंडमधे जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) ट्रेनिंग करतोय, तीन वर्षांचं असतं. इथली आणि तिथली तुलना करून तुला खिजवायचं नाहीये, तुझी ओपीडी मीही केलेली आहे. फक्त इथून दोन गोष्टी उचलता येतील असं वाटतं.

इथे नव्या ट्रेनीला सुरुवातीला एका पेशंटला अर्धा तास देतात, मग हळूहळू वेळ कमी करत नेतात. आपल्याकडे बरोबर उलट, सगळ्यात नवा माणूस सगळ्यात मोठ्या रांगेपुढे. हे तू बदलू शकत नाहीस, पण युनिट हेडना नवी बॅच आली की पहिला महिना जेआर वनला जेआर थ्रीच्या शेजारी बसवा असं सुचवता येईल, पुढच्या वर्षी तूच तुझ्या ज्युनियरसाठी कर. दुसरं, क्लिनिक संपलं की शिकवणाऱ्या डॉक्टरबरोबर बसून त्या दिवसाच्या पेशंटवर बोलणं. डिब्रीफ म्हणतात. मी त्यात रोज माझी "हे मला आलं नाही" ची यादी नेतो. तुमच्याकडे चहाला तरी एकत्र जात असालच दोन-अडीचला, तिथे प्रत्येकाने एक पेशंट सांगायचा. दहा मिनिटं.

आणि एक मला फार उशिरा कळलेली गोष्ट. इथे शिकवतात की पेशंटला स्वतःला काय वाटतंय, कशाची भीती वाटतेय ते विचारा. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा मित्राच्या दवाखान्यात बसून हेच मराठीत विचारून बघितलं, "तुम्हाला काय वाटतंय, कशामुळे होत असेल?" तर सगळे एकच उत्तर देतात, "मला काय कळतंय डॉक्टर, तुम्हीच सांगा." काहींना तर वाटलं याला येत नाहीये म्हणून मलाच विचारतोय. मग मित्राने सांगितलं असं विचारू नको, "घरचे काय म्हणतात?" असं विचार. आणि खरंच धबधबा सुरू झाला. एक बाई छातीत जळजळ म्हणून चौथ्यांदा आलेली, घरचे काय म्हणतात विचारल्यावर म्हणाली, जाऊ म्हणते माझ्या भावाला असंच व्हायचं, नंतर गाठ निघाली. चार वेळा तिला अ‍ॅसिडिटीची गोळी मिळाली होती आणि चार वेळा ती गाठीची भीती घेऊन घरी गेली होती.

—

जेआरवन_मराठवाडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोनदा वाचून काढलं सगळं. @इंटर्नताई, ड्रेसिंगला आमच्याकडे एक मामा आहेत, बावीस वर्षं तिथेच आहेत, त्यांना उद्याच सांगतो. @मास्तरीण मॅडम, एक विचारू का, मत आधी सांगायचं तर खूपदा माझं मतच तयार नसतं, नुसता गोंधळ असतो, तेव्हा काय सांगायचं?

—

मास्तरीण:

मग तेच सांगायचं. "सर, दोन गोष्टींमधे अडकलोय, हे किंवा ते, वेगळं कसं करू कळत नाहीये." हा फार उत्तम प्रश्न असतो, मला असा प्रश्न विचारणारा रेसिडेंट आला की बरं वाटतं. नको तो "काय देऊ?"

—

लेक_नाशिककर:

मी डॉक्टर नाही. बाबांना घेऊन तीन वर्षं एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत जातेय, हार्ट आणि शुगर दोन्ही, म्हणून हा धागा शेवटपर्यंत वाचला. आमच्या बाजूने काय दिसतं ते लिहू का?

दर वेळी नवीन डॉक्टर. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं, आणि ऐकणारा पेपरमधे बघून लिहीत असतो. बाबा आता सांगतच नाहीत, मी विचारलं तर म्हणतात काय उपयोग, गोळ्या मिळाल्या ना. मधे एक मुलगी होती शिकाऊ डॉक्टर, तिने एकदा पेपरवर कोपऱ्यात लिहून दिलं "मंगळवार, टेबल ३, मलाच दाखवा". एवढंच. बाबा पुढच्या वेळी एक तास जास्त थांबले पण तिलाच दाखवलं, आणि तिला पहिल्यांदा सांगितलं की रात्री सपाट झोपलं की दम लागतो, दोन उशा घेतो. मला घरात असून माहीत नव्हतं! तिने लगेच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, औषध बदललं. ती आठ-नऊ महिन्यांनी दुसरीकडे गेली, बाबा अजून तिची आठवण काढतात.

आणखी एक, रागावू नका. शिकणारी मुलं चारजणं घोळका करून बाबांच्या छातीला स्टेथो लावतात, शर्ट वर केलेला, दार उघडं, बाहेरचे लोक बघतायत. बाबा नाही म्हणणार नाहीत, त्यांना वाटतं नाही म्हटलं तर औषध मिळणार नाही. एकदा विचारा, पडदा ओढा. बाबांना मुलांनी शिकावं असंच वाटतं, ते घरी येऊन सांगतात आज माझ्यावर चार डॉक्टर शिकले.

—

नगरवाला_एमडी:

@लेक_नाशिककर ताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक ओपीडीत भिंतीवर लावण्यासारखं आहे. जेआर वन, "टेबल ३, मलाच दाखवा" हे उद्यापासून सुरू कर. वहीतल्या पेशंटपुरतं तरी. पंधरा दिवसांनी तो तुझ्याकडेच परत आला तरच ते पान भरतं.

—

कॅज्युअल्टी_नाईट:

ठीक आहे. मी माझं मत पूर्ण बदललं असं नाही, ऐंशी पेशंट हे चूकच आहे आणि ते मी म्हणत राहणार. पण सोलापूरवाल्याचं वाचून काल ओपीडीत एकाला विचारलं घरचे काय म्हणतात. बोलत सुटले ते काका. पाच मिनिटं गेली, पण तीन महिने पोट दुखतंय म्हणून येत होते आणि कुणाला हे माहीत नव्हतं की मुलगा वारल्यापासून ते दिवसातून एकदाच जेवतात. मला पुढे काय करायचं ते नीट सुचलं नाही. सायकियाट्रीला रेफर केलं, आणि ते सांगताना त्यांना वाईट वाटणार नाही असं कसं बोलायचं हे मला येत नव्हतं. ते शिकायचंय.

—

जेआरवन_मराठवाडा:

सव्वादोन महिन्यांनी लिहितोय, म्हटलं सांगावं.

वहीत एकोणीस पेशंट झालेत. एकोणीसमधले बारा परत माझ्याकडे आले, बाकी सातांचं काय झालं माहीत नाही, ती पानं अर्धी आहेत. बारामधे पाच वेळा माझं पहिलं मत चुकलं होतं. एका काकांना मी खोकला म्हणून अँटिबायोटिक दिलं होतं, दोन आठवड्यांच्या वरचा खोकला होता आणि मी थुंकी पाठवली नव्हती, परत आले तेव्हा पाठवली, टीबी निघाला. ते पान मी रोज बघतो.

सरांना पहिल्यांदा "मला अमुक वाटतंय" असं म्हटलं तेव्हा ते केस पेपरकडे बघत होते, थांबले, वर बघितलं, आणि म्हणाले "का?" इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ओपीडीत मला कुणी का विचारलं. आता ते रोज विचारतात असं नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा होतं. चहाचा डिब्रीफ चालू झाला होता, इमर्जन्सीमुळे दोन आठवडे बंद पडला, परत चालू करतोय.

शुगरवाल्यांचे पाय बघायचं मात्र मी रोजचं केलंय, सगळ्यांचं नाही जमत, पण ज्याला मुंग्या, ज्याला दहा वर्षांच्या वर शुगर, ज्याला जखम होऊन गेली, त्यांचं बघतोच. ड्रेसिंगच्या मामांनी यात मला फार मदत केली. त्यांनी सांगितलं की साहेब, रांगेत उभे असतानाच चप्पल हातात घ्यायला सांगत जाऊ का मी, तुमचा वेळ वाचेल. आणि आता ते खरंच सांगतात, जेव्हा त्यांना जमतं तेव्हा. बोटांच्या मधे बघायचं, पायाच्या वरची नाडी बघायची, दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) सरांनी स्वतःचा दिला, तो टेकवून लागतं का विचारायचं, मिनिटाच्या आत होतं. बायकांना जोडवं फिरवून दाखवा म्हणतो. फिरत नसेल तर सैल करून घ्या असं सांगतो, कारण काढा म्हटलं तर पुढच्या वेळी येतच नाहीत, हे एका आजींनी मला सरळ सांगितलं.

परवा गुरुवारी त्या मावशी आल्या. ज्यांचं बोट गेलं त्या. मीच डिस्चार्ज कार्डावर लिहून दिलं होतं, गुरुवार, टेबल दोन. जखम पूर्ण भरलीये. मी त्यांना सांगायचं ठरवलं होतं की त्या दिवशी मी तुमचा पाय बघायला हवा होता, आणि सांगितलं, माझा आवाज नीट निघत नव्हता. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू होतास का तो? मला कुठं आठवतंय बाळा." सुनेला बाहेरून आत बोलावलं, तिलाही शुगर निघालीये म्हणे दोन महिन्यांपूर्वी, आणि मी काही बोलायच्या आत तिला म्हणाल्या, चप्पल काढ, डॉक्टरला पाय दाखव.